वांगफुली शर्ट

दौलतरावांच्या पाठीवर एक अळी होती. चांगली हातभर लांब, गुलाबी, आणि तिच्यावर लाल रंगाची फुली. छातीवर फवारणीच्या औषधाचं नाव आणि त्याखाली 'एकच फवारा, अळी खल्लास'. हिंगणीच्या या वांगी पिकवणाऱ्या माणसाने गेल्या वीस वर्षांत स्वतःसाठी शर्ट म्हणून विकत घेतला नव्हता. घ्यायची गरजच काय? बियाण्यांच्या कंपन्या टी-शर्ट वाटत, खतवाले टोप्या वाटत, निवडणूक आली की दोन्ही वाटलं जाई. लग्नांत आहेर म्हणून शर्टपीस यायचं, पण ते घडीसकट पुढच्या लग्नात आहेर म्हणूनच जायचं. ते शिवून अंगात घालायचं असतं हे त्या घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यामुळे दौलतराव कधी कापसाच्या बियाण्याचे असत, कधी खताचे, तर कधी एखाद्या पडलेल्या उमेदवाराचे. अंग झाकलं म्हणजे झालं, आणि फुकटात झाकलं तर मग बोलायलाच नको, असा त्यांचा साधा हिशेब.

वांधा झाला तो केळझरच्या लग्नात.

लग्न घरचंच. कुंताबाईंच्या, म्हणजे दौलतरावांच्या बायकोच्या, थोरल्या भावाची, प्रभाकररावांची मुलगी. दौलतरावांनी त्यातल्या त्यात नवा टी-शर्ट काढला, पिवळाधमक, अळीवाला. मंडपात पाय ठेवून पाहतात तर जेवण वाढणारी सगळी पोरं पिवळीधमक आणि प्रत्येकाच्या पाठीवर तीच अळी, गावच्या बोलीत इल्ली! जेवणाचं काम देवळीच्या मधुकररावांकडे होतं. त्यांच्या कोण्या नातेवाइकाचं कृषी केंद्र होतं आणि तिथला उरलेला गठ्ठा त्यांनी पोरांना वाटून टाकला होता. दौलतराव आपले पंगतीच्या कडेला उभे होते. मागून कोणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा जग कोंबला आणि "चला काका, हात चालवा, तिकडली लाइन कोरडी हाय," म्हणून पुढे निघून गेलं.

दुसरा कोणी असता तर तिथेच भडकला असता. दौलतराव पडले भिडस्त. शिवाय लोकांना तहान लागली होती हे दिसतच होतं. त्यांनी अख्ख्या पंगतीला पाणी वाढलं. सख्ख्या साडभावाला वाढलं, नव्या व्याह्यांना वाढलं, कोणी मान वर करून पाहिलं नाही. एकाने तर "थंड नाई का?" म्हणून दरडावलं. असं करत करत ते बायकांच्या रांगेत पोचले आणि एका ग्लासावर जग वाकवताना ओळखीच्या बांगड्या दिसल्या. वर पाहिलं तर कुंताबाई.

कुंताबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी चहाचा कप आदळता आदळता बोलल्या.

"वैशाखात दादाच्या पोराचं लगन हाय. तठी कोनं तुमच्या हाती पान्याचा जग देल्ला, तं मी भरल्या पंगतीतून उठीन आन् घरी निंगून येईन. आत्ताच सांगून राह्यली."

"अवं, लोकाइले तहान लागली होती..."

"तहान लागली होती म्हने! वीस वर्सं झाले, मी इल्लीसंगं संसार करून राह्यली. दादानं मले मानूस पाहून देल्लं होतं."

कुंताबाई रागावून गप्प बसल्या तर दौलतरावांना सवय होती, पण या वेळी बायकोचे डोळे भरले होते. आणि बोलल्या तसं करणाऱ्या त्या बाई होत्या, भावाच्या घरचं लग्न असो की आणखी कोणाचं. दौलतराव त्याच दिवशी उठून सेलूला हिरालालच्या कापडदुकानात गेले.

"बोला दौलतराव, कोनाचा आहेर काढू?" हिरालालने सवयीने विचारलं.

"आहेराचं नाई. माह्यासाठी पायजे."

हिरालालचा मापाचा गज हातातच राहिला. मग त्याने आनंदाने विचारलं, "बढिया! कोनता कलर आवडते?"

दौलतरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांना माहीतच नव्हतं. कुंताबाईंना मोरपंखी आवडतो, हे त्यांना ठाऊक होतं. वांग्याचं पान कोणत्या रंगावर गेलं म्हणजे रोग आला, हे तर ते झोपेतही सांगू शकले असते. पण आपल्याला स्वतःला कोणता रंग आवडतो हा प्रश्न चोपन्न वर्षांत कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही तो कधी स्वतःला विचारला नव्हता. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. हिरालाल आपला राखाडी, खाकी, निळा चौकडा असे तागे उलगडत होता आणि दौलतराव प्रत्येकाला नकारार्थी मान हलवत होते.

तेवढ्यात ढिगाच्या तळाशी एक पट्टी दिसली. फिकट जांभळी, थोडी गुलाबीकडे झुकलेली. दौलतरावांचा हात आपोआप तिकडे गेला.

"हा."

"अरे भाऊ, ये तो लेडीज कलर हाय! मानसं घेत नाईत."

"वांग्याच्या फुलाचा रंग हाय हा," दौलतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना उलगडा झाला. रोज पहाटे दव असताना ते वांग्याच्या सऱ्यांतून फिरत, तेव्हा गुडघ्याभोवती हाच रंग असायचा. तीस वर्षं ते त्या फुलांकडे किती लागली, किती गळली, एवढंच पाहत आले होते. ती आपल्याला आवडतात हे आज कळलं. माणसाला इतक्या साध्या गोष्टीचा इतका आनंद व्हावा याचं त्यांनाच नवल वाटलं. "तीन शर्टाचं फाड," ते म्हणाले.

शेजारच्या टेलरने माप घेतलं. शर्ट अर्ध्या बाह्यांचे नकोत, पूर्ण बाह्यांचे हवेत आणि त्या दोनदा दुमडता आल्या पाहिजेत. खिसे दोन, एक मोबाइलला आणि एक चष्म्याला. मागण्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. इतक्या मागण्या पोटात होत्या कुठे, देव जाणे.

शर्ट घरी आले तेव्हा कुंताबाईंनी तिन्ही उलगडून पाहिले. "तिनी एकाच रंगाचे? अकलेचा काही भाग?"

"मले तोच आवडते."

कुंताबाई पाहतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात 'मले आवडते' हे शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून फक्त भरीत खाताना ऐकले होते.

तेव्हापासून दौलतरावांचा दिवस बदलला. लग्नापुरता शर्ट घालायचा आणि एरवी अळी मिरवायची, हे त्यांना पटेना. सकाळी अंघोळ, मग शर्टाला प्रेस, मग बाह्यांच्या दोन घड्या, आणि मगच वावर, म्हणजे शेत. चिखल उडाला तर संध्याकाळी स्वतः धुवायचे. गावाला आयता विषय मिळाला. "काऊन बावा, नवरदेव झाले का?" "कोठी पाहुनपन हाय?" असं रोज कोणी ना कोणी विचारायचं आणि दौलतराव हसून म्हणायचे, "वावरात."

पिवळा टी-शर्ट त्यांनी वांग्यातल्या बुजगावण्याला घातला. त्याचा परिणाम असा झाला की पुढचे पंधरा दिवस धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जाणारे लोक बुजगावण्याला हात वर करून "राम राम दौलतराव" म्हणत राहिले, आणि दहा पावलांवर निंदण करणाऱ्या खऱ्या दौलतरावांना कोणी विचारेना. कुंताबाईंनी हे पाहिलं आणि इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

बाजारात मात्र हसण्यासारखं काही घडलं नाही. सेलूच्या बाजारात दौलतराव प्रेसचा शर्ट घालून वांग्यांपुढे बसले, तर बाया दोन पावलं अलीकडेच थांबत. "हा व्यापारी दिसते. माल बाहेरचा असन," म्हणत आणि शेजारच्या कळकट टी-शर्टवाल्याकडे वळत. पहिल्या बाजारी अर्धी वांगी परत आली, दुसऱ्या बाजारी त्याहून जास्त.

"अवो, बाजारापुरता इल्लीवाला घाला," कुंताबाई समजुतीने म्हणाल्या. "हा लगनात घालजा. मी तं लगनापुरतंच म्हनलं होतं."

दौलतरावांनी जन्मात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. "कुंता, सकाळी याचे बटनं लावतो ना, तं मले वाटते का आज काहीतरी हाय. काहीच नसते, तरी वाटते. ते मी सोडत नाई."

कुंताबाईंनी तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी शर्टाला प्रेस त्यांनी केली.

तिसऱ्या बाजारी कमलाबाई आल्या. सेलूच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, हातात कापडी पिशवी, भाजी घेताना उलटतपासणी घेण्याची सवय अजून गेलेली नव्हती. त्यांनी एक वांगं उचललं, देठाजवळ दाबलं आणि चष्म्यावरून दौलतरावांकडे पाहिलं.

"ही काटेरी वांगी तुमच्याच वावरातली?"

"हो बाई. हिंगणीची."

"म्हणजे ते तुम्ही होय! अहो, किती वर्षं झाली शोधतेय मी तुम्हाला. एका आठवड्यात अशी लोण्यासारखी वांगी मिळतात आणि पुढच्या आठवड्यात कडू. तुम्ही सगळे एकाच टी-शर्टात बसता, मी ओळखू कसं कोणाकडून घेतली ते?"

दौलतरावांनी निवडून दोन वांगी त्यांच्या पिशवीत वरून टाकली. कमलाबाईंना बोलायला कोणाची मदत लागत नसे. त्यांनी जाता जाता चार जणींना सांगितलं, चौघींनी आणखी चौघींना. पुढच्या बाजारापासून बाया लांबूनच पाहत, जांभळा शर्ट कुठे आहे? दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी होऊ लागली. हिरालालने तर त्या ताग्याचं नावच 'वांगफुली' ठेवलं आणि लेडीज कलर ही भाषा सोडून दिली.

एका बाजारी मधुकरराव आले. लग्नांच्या जेवणासाठी त्यांनी चार क्रेट वांगी घेतली, मग दौलतरावांची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली.

"कोनत्या दुकानातलं जी हे कापड?"

दौलतरावांनी मोठ्या अभिमानाने हिरालालचा पत्ता दिला. देताना त्यांच्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

वैशाखातलं लग्न आलं. कुंताबाईंनी मोरपंखी साडी नेसली, दौलतरावांनी तिन्हींतला कमी वापरलेला वांगफुली शर्ट घातला. दोघं केळझरला उतरले, मंडपाच्या दारात आले आणि जागच्या जागी थांबले.

वाढणारी सगळी पोरं वांगफुली होती. पंधरा-सोळा जण, तोच रंग, बाह्यांच्या दोन घड्यासुद्धा तशाच.

दौलतरावांनी बायकोकडे पाहिलं. कुंताबाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मी बसतो जाऊन तिकडे कोपऱ्यात," ते कसेबसे म्हणाले, तोच समोरून एक पोरगा हातात जग घेऊन तरातरा त्यांच्याच दिशेने आला. कुंताबाईंनी पदर खोचला.

पोरगा जवळ आला, त्याने दौलतरावांच्या शर्टाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि जग झटकन पाठीमागे लपवला.

"अरे, हिंगणीचे वांगेवाले काका! तुमी उभे काऊन? ओ मालक, दौलतकाका आले!"

मधुकरराव धावत आले. "पाहून राह्यले ना? तुमचाच रंग हाय! तुमाले पाहूनच घेतला. आजची भाजीबी तुमच्याच वांग्याची."

कुंताबाईंचे भाऊ प्रभाकरराव पुढे झाले, त्यांनी दौलतरावांचा हात धरला आणि पहिल्या पंगतीकडे न्यायला लागले. ज्या साडभावाने मागच्या वेळी मान वर केली नव्हती, त्याने सरकून जागा केली. कुंताबाई बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या, पण नजर इकडेच होती.

दौलतराव बसणार, एवढ्यात त्यांना कडेची रांग दिसली. दोन म्हातारे रिकामे ग्लास हातात धरून इकडे तिकडे पाहत होते आणि पोरं भाजीच्या गडबडीत होती. दौलतराव थांबले. त्यांनी प्रभाकररावांचा हात हलकेच सोडवला आणि टेबलावरचा भरलेला जग उचलला.

"अवो, दौलतराव वाढून राह्यले!" कोणीतरी ओरडलं आणि पंगतभर गलका झाला. "बसा ना जी तुमी!" "द्या तो जग इकडे!" लोक अर्धे उठून हात जोडत होते. ज्याने मागे थंड नाही म्हणून दरडावलं होतं, तो ग्लासावर हात ठेवून "नको नको" म्हणत लाजत होता. दौलतराव हसत हसत प्रत्येकाच्या ग्लासात पाणी ओतत राहिले. इतकं मोकळं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

ओतत ओतत ते बायकांच्या रांगेत पोचले. कुंताबाई उठून उभ्या होत्या.

"कोनं देल्ला तो जग?"

"कोनं नाई देल्ला," दौलतराव म्हणाले. "मीच घेतला."

कुंताबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. वाकून वाकून एका बाहीची घडी सुटली होती. त्यांनी ती सगळ्यांदेखत नीट दुमडली, एकदा, दोनदा, आणि वरून हात फिरवला. मग त्या परत पाटावर बसल्या आणि ग्लास पुढे केला.

"मंग घाला," त्या म्हणाल्या. "थंड हाय ना?"