घरशाळेतली लेक शाळेत निघाली

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच शिकवायचं ठरवलं होतं. मापं घेता घेता अपूर्णांक, उरलेल्या तुकड्यांतून भूमिती, आणि दुपारी मशीन बंद करून वाचन. अडलं-नडलं विचारायला कोणी असावं म्हणून त्यांनी मोबाइलवर घरीच शिकवणाऱ्या पालकांचा ग्रुप काढला. सुरुवातीला ओळखीची चार घरं होती. बघता बघता हजारो आईबाप आले आणि सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणू लागले. नवखे पालक घाबरून काहीबाही विचारायचे, आणि बाई शिलाई बाजूला ठेवून त्यांना धीर द्यायच्या.

एकदा जेवताना थोरली म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय."

माझं काय चुकलं, असं बाईंनी विचारलं. काहीच नाही, असं लेकीने सांगितलं; पण तिला व्हॉलीबॉल खेळायचा होता, आणि धाकटी चेंडूला घाबरायची, त्यामुळे घरात पलीकडून चेंडू परत मारायला भिंतीशिवाय कोणी नव्हतं. तिचे बाबा हसू दाबत ताटात बघत राहिले.

दोन दिवस बाईंनी शिवता शिवता यावर विचार केला. मग स्वतःच लेकीला घेऊन शाळेत गेल्या. वर्गात एवढ्या मुलांमध्ये बसायची सवय नाही, जमेल का, असं मुख्याध्यापिकांनी तिला विचारलं.

"सवय नाही म्हणूनच आलेय," लेक म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी गणिताचा पेपर पुढे केला. तो तिने मान वर न करता सोडवला आणि प्रवेश पक्का झाला.

आता ग्रुपला सांगायचं होतं. ग्रुप सांभाळायला मदत करणाऱ्या एका नर्सताईंनी फोन करून गप्प राहायचा सल्ला दिला. मास्तरीणबाईंचीच मुलगी शाळेत गेली म्हटल्यावर लोकांचा धीर सुटेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मुलांना घरात ठेवायला नाही काढला मी ग्रुप," बाई म्हणाल्या. "शिकवायला काढलाय. तिने विचार करून ठरवलंय, मग लपवायचं कशाला?"

त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहिलं. काहीजण फणकाऱ्याने ग्रुप सोडून गेले. पण बरेच थांबले. एका आईने लिहिलं, की तिचा मुलगाही कधीचा हेच विचारतोय आणि ती विषय टाळत आलीय. आता त्याच्याशी नीट बोलणार.

पहिल्याच सामन्यात लेकीचा संघ सपाटून हरला. गुडघे सोलवटून ती घरी आली, पण सामन्याबद्दल सांगताना तिचं तोंड काही मिटेना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, गुडघ्यांना औषध लावलं, आणि मग धाकटीला हाक मारून तिचा धडा घ्यायला बसल्या.