पडवीतलं पान

"दादा, हो बग, हो मोठो बॉक्सर होतो म्हणतत. अमेरिकेत जावन बक्षिसां मारलेली."

मोबाइलवर काळ्या ग्रॅनाइटची एक उंच कबर दिसत होती आणि तिच्याशेजारी माझा चुलतभाऊ रितेश, अंगात रेनकोट, डोक्यावर टोपी. जुलै महिना. त्याच्या आयर्लंडात भुरभुर पाऊस, आणि इथं कुवेतमध्ये शुवैखला आमच्या मार्बलच्या शेडमध्ये पत्रा तापून नुसती भट्टी. जेवणाची सुट्टी होती. एका फुटक्या लादीवर बसून मी भातावर उडालेली पांढरी भुकटी चमच्याने बाजूला काढत होतो आणि रितेश मला बॉक्सर दाखवत होता.

"बॉक्सराचा माका काय करूचा आसा? आपलो पणजो खय?"

"तोच शोधतंय मा. ही बाई म्हणता आधी मोठी मोठी माणसां बगून घे, मगे सैनिकांच्या बाजूक जावया."

ही बाई म्हणजे तिथल्या गावातली एक सत्तरीची म्हातारी. दर रविवारी ती दफनभूमीच्या फाटकाशी उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने कबरी दाखवत फिरते. त्याआधीच्या रविवारी तिनं एक कप्तान दाखवला होता, त्याच्याआधी इंग्रजांनी गोळ्या घातलेला एक विशीतला बंडखोर. रितेश सगळं ऐकून घ्यायचा आणि मला मालवणीत सांगायचा. जणू मी भाडं भरून बसलेला पर्यटक.

सरळच सांगतो, मी जळत होतो. रितेशचं चांगलं झालेलं मला बघवत नव्हतं, आणि त्यातही त्याचे ते रविवार तर मुळीच बघवत नव्हते. तिथं मी उभा असायला हवा होतो.

आमचे पणजोबा रामभाऊ खलाशी होते. पहिल्या महायुद्धात ते एका मालवाहू जहाजावर बॉयलरला कोळसा घालायच्या कामावर होते. आयर्लंडजवळ जहाज बुडालं. प्रेतं किनाऱ्याला लागली ती तिथल्या लोकांनी आपल्या दफनभूमीत, सैनिकांच्या बाजूला पुरली. वर्षभरानं कंपनीचं इंग्रजी पत्र आमच्या घरी आलं. पणजीला वाचता येत नव्हतं. तिनं ते पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि मरेपर्यंत कुंकू लावलं.

आमच्या घराची एक रीत आहे. भाद्रपदात पितरांचा म्हाळ घालतो तेव्हा सगळ्यांची पानं आत माजघरात वाढतात, रामभाऊंचं एकट्याचं बाहेर पडवीत. परमुलखात पडलेल्या माणसाला त्या जागी उभं राहून घरच्या माणसानं गाऱ्हाणं घालून बोलवायचं असतं. तोपर्यंत तो पाहुणा, आणि पाहुण्याचं पान पडवीत. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं केलेली विनंती. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. बोलायचा मान थोरल्या घराचा. म्हणजे माझ्या आजोबांचा, मग वडलांचा, आता माझा. लहानपणी त्या पडवीतल्या पानाकडे बघून मला वाईट वाटायचं. कावळ्यांच्या आधी कुत्रं यायचं त्याच्यावर.

म्हणून कुवेतला आलो तेव्हा ते पत्र मी बरोबर आणलं. अठरा वर्षं झाली. खैतानला एका खोलीत आम्ही सहाजण राहतो, माझ्या गादीखाली पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत ते पत्र. दोनदा व्हिसाचा अर्ज केला, दोनदा परत आला. इंग्रजीत लिहिलं होतं की अर्जदार मायदेशी परत जाईल अशी खात्री वाटत नाही. अठरा वर्षं मी परत जायचंच तर बघतोय, ते त्यांना कोण सांगणार?

आणि रितेश! धाकट्या घराचा. त्याला कुवेतला आणला मी, माझ्या गादीशेजारी झोपवला मी, सहा महिने हाताखाली घेऊन दगड कसा कापायचा, कसा घासायचा ते शिकवलं मी. पुढे त्यानं लायसन्स काढलं आणि ड्रायव्हर झाला. त्याची बायको तेजस्वी इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. बाई हुशार, ड्यूटी सांभाळून इंग्रजीची परीक्षा पास झाली आणि तिला आयर्लंडात नोकरी लागली. हा तिच्या व्हिसावर मागोमाग गेला. घर कुठं मिळालं, तर त्या दफनभूमीपासून बसनं दोन तासांवर. एवढ्या मोठ्या जगात यालाच तिथं घर मिळायचं होतं.

गावावरून चंपाचा, म्हणजे माझ्या बायकोचा फोन आला की पहिली बातमी हीच. "सगळो वाडो रितेशाचा नाव घेता हा. सरपंच म्हणत होतो, आल्यावर तेचो सत्कार करूया."

"कसलो सत्कार? बायकोच्या पदराक धरून गेलो म्हणान?"

"असा काय बोलतास? कोणी तरी आपला थय पोचला ना?"

मी फोन ठेवला. त्या दिवशी मी एका बाईच्या स्वयंपाकघराचा ओटा चुकीच्या मापाने कापला आणि फोरमनच्या शिव्या खाल्ल्या.

आता माझी करणी सांगतो. जूनमध्ये रितेशनं पत्राचा फोटो मागितला. पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत जागा लिहिली आहे: उत्तरेच्या भिंतीकडून पाचवी रांग, कबर तेरावी. मी पत्राचा खालचा भाग मागं दुमडला, नखानं घडी दाबली, आणि वरच्या भागाचा फोटो पाठवला. रितेशनं विचारलं, "खालचा काय झाला?" मी म्हटलं, "उंदरांनी खाल्ल्यानी."

 तो दर रविवारी साडेबाराला, म्हणजे त्याच्या साडेदहाला, मला फोन लावून रांगा फिरू लागला. इथं रविवार कामाचा दिवस. मी जेवता जेवता त्याला भलत्याच बाजूला हिंडताना बघायचो. चिखलात त्याचे बूट भरायचे आणि मला घास गोड लागायचा. रात्री कधी वाटायचंही, पुंडलिका, तुझ्या पणजोबांना तूच पडवीत बसवून ठेवतोयस. पण मग दुसरं मन म्हणायचं, एकशेसात वर्षं बसलेत, अजून थोडं बसतील. मला व्हिसा मिळेपर्यंत.

जून गेला, जुलै गेला, ऑगस्टात गणपती आले आणि गेले. बॉक्सर झाला, दुष्काळात गावाला धान्य वाटणारी एक मास्तरीण झाली, एका लॉर्डसाहेबाची देवळाएवढी कबर झाली. पणजोबा काही सापडले नाहीत.

म्हाळ रविवारी होता. आदल्या दिवशी रितेशचा मेसेज आला: 'दादा, उद्या मी आणि तेजस्वी थय जातंव. दगड नाय गावलो तरी फाटकाकडे उभो रवतंय. गाऱ्हाणा तू घाल. मान तुझो आसा. मी फक्त फोन धरतंय.'

तो मेसेज मी चार वेळा वाचला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गावभर ज्याचं नाव झालंय तो मला लिहितोय की मी फक्त फोन धरतो. मी ट्रंक उघडली, पत्र काढलं आणि दुमडलेला भाग सरळ केला. घडीवर कागद उलायला लागला होता.

रविवारी अकरा वाजता फोरमनकडून मी अर्धा तास मागितला. तो मिसरी, म्हणजे इजिप्तचा, तापट पण मनाचा मोठा. "कोण गेलं?" त्यानं हिंदीत विचारलं.

"परदादा."

"कधी?"

"एकशेसात साल पहले."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मशीन बंद करायला लावलं. शेडमध्ये शांतता झाली. देवगडचा एकजण आणि राजस्थानचे दोघे पॉलिशवाले हात धुऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. फोनवर तिघं होतो: मी, फाटकाशी रितेश, आणि गावी चंपा. तिथं दीड वाजला होता. "पानां वाढलेली आसत," ती म्हणाली, "लवकर काय ता करा. भावोजींनू, पाऊस आसा काय थय?"

"नाय वयनी, उघाप आसा."

मी पत्र उघडून धरलं. "रितेश, पत्राचो खालचो भाग गावलो. ट्रंकेच्या तळाक होतो. उत्तरेच्या भिंतीकडसून पाचवी रांग. तेरावो दगड."

"बरा झाला, दादा," तो म्हणाला. "जातंय."

तो चालू लागला. बॉक्सर मागं पडला, लॉर्डसाहेब मागं पडले. भिंत आली. कुठंही न थबकता, न मोजता तो वळला आणि उभा राहिला. पडद्यावर पांढऱ्या दगडांची रांग आली. वरून गोलसर, कमरेइतके उंच, सगळे एका मापाचे. शेजारचे दगड शेवाळानं हिरवे झालेले, अक्षरं बुजलेली. मधला एक मात्र स्वच्छ. पणजोबांचं नाव, खाली खलाशी, जहाज, तारीख. एकेक अक्षर मोकळं.

अठरा वर्षं मी दगडात हात घालतोय. आजचा घासलेला दगड कसा दिसतो आणि दोन महिन्यांपूर्वी घासून दर आठवड्याला पुसलेला कसा दिसतो, ते मला कळतं. कडा शाबूत होत्या. तारेचा ब्रश लावलेला नव्हता. जुन्या दगडाला तारेचा ब्रश लावायचा नाही, नरम ब्रश आणि साधं पाणी घ्यायचं, हे मीच शिकवलं होतं त्याला.

"कधी घासलंस रे?"

 रितेशच्या पाठीमागून तेजस्वी म्हणाली, "जुलैच्या पयल्या रविवारी सापडला, दादा. त्या बाईंच्या वहीत नंबर होतो. घासूक दोन रविवार गेले."

"मगे तो बॉक्सर? ती मास्तरीण?"

"काय तरी दाखवूक व्हया होता मा तुका," रितेश म्हणाला.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"पत्र थोरल्या घरात आसा. तू जागा सांगल्याशिवाय मी उभो कसो रवतलंय?" मग तो हळूच म्हणाला, "आणि दादा, उंदीर सरळ रेषेत खाणत नाय."

तो हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. गावी चंपाला त्यातलं काही कळलं नसावं, किंवा सगळंच कळलं असावं. "पानां निवतत," एवढंच ती म्हणाली.

मी चपला काढल्या. भुकटीत उभा राहिलो आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," देवगडवाला म्हणाला. राजस्थानवाल्यांना त्यानं कोपरानं खुणावलं.

"तुझो लेकरू रामभाऊ पोटासाठी दर्यार गेलो आणि परमुलखात पडलो. आज त्येचीच पतवंडां त्येच्या पायाकडे उभी आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता पाचसहा आवाज.

"परक्या लोकांनी त्येका माती दिल्यानी, त्यांचा भला कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्येका आज आमी घराक बोलावतंव. वाट दाखव, सोबत कर. आणि कोणाच्या मनात काय वाकडा आसात..." इथं मी पडद्यावरच्या दगडाकडे बघितलं. "कोणाच्या म्हणजे माझ्याच मनात म्हाराजा. धाकट्या भावाबद्दल. ता हयच पडान रवांदे. घराक येव नको."

 मग आयर्लंडातून रितेशचा आवाज आला, सगळ्यात मोठा.

"व्हय म्हाराजा!"

त्याच्यामागून त्या कबरी दाखवणाऱ्या म्हातारीनंही तिच्या उच्चारात काहीतरी म्हटलं. तिला वाटलं असावं, सगळे म्हणताहेत तर आपणही म्हणावं. रितेशनं खिशातून एक नारळ काढला, दगडाला लावला आणि तसाच परत खिशात ठेवला. तिथं फोडायची परवानगी नसावी.

फोन ठेवला. फोरमन पुढं येऊन म्हणाला, "अल्लाह यरहमू," म्हणजे अल्ला त्यांच्यावर दया करो, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मशीन सुरू करायला गेला. एक लांबलचक लादी वाट बघत होती. मी ती कापली, मापात.

दुपारी चंपानं फोटो पाठवला. माजघरात पानांची ओळ, आणि तिच्या शेवटी एक नवं पान. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. पाठोपाठ दुसरा फोटो पडवीचा. सारवलेली रिकामी जमीन. खाली लिहिलं होतं, 'मोकळी मोकळी दिसता.'

मी पत्र काढलं, लादीवर ठेवलं, घडी हातानं दाबून सपाट केली. वरपासून खालपर्यंत सगळं पत्र येईल असा फोटो काढला आणि रितेशला पाठवला. आता त्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं.

'मिळाला, दादा.'