होऊन राह्यलं

भामरागडकडच्या एका नाल्यावर पूल बांधणं चालू होतं. साइटवर बाकी सगळी उत्तरं मिळायची, फक्त ‘नाही’ मिळत नसे. सळ्या आल्या का? येऊन राह्यल्या जी. मिक्सर सुधरला का? सुधरून राह्यला जी. मुकादम धनराज हे इतक्या गोडीनं सांगायचा, की विचारणाऱ्यालाच आपण उगाच घाई केली असं वाटावं.

इंजिनीअर दिव्यानी चंद्रपूरकडच्या सावली गावची. पहिलीच नोकरी. साइटवर रेती वाहणाऱ्या बुधरीबाईंची सून पावसाळ्यात बाळंत व्हायची होती. गाव नाल्याच्या पल्याड, दवाखाना अल्याड. वाट बंद पडणार नाही, असा शब्द दिव्यानी देऊन बसली होती. पूल लांबला तरी नाल्यात पाइप टाकून केलेला मातीचा वळणरस्ता होताच.

म्हणून फोनवरच्या बैठकीत साहेब गुणवंतरावांनी पूल झाला का विचारलं, तेव्हा ती सरळ म्हणाली, “नाही झाला सर. स्लॅबच्या सळ्याच आल्या नाहीत.”

पंगतीत कोणी पानावर शिंकावं, तसं बैठकीला झालं. आवाज तुटतोय, असं गुणवंतराव म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं. आवाज आणखी तुटला. दुसऱ्याच दिवशी तिची रवानगी चंद्रपूरला, सकारात्मक विचारांच्या प्रशिक्षणाला झाली. तिथं तिच्याकडून फुगे फुगवून घेतले.

इकडे साहेबांनी धनराजला विचारलं. होऊन राह्यलं, धनराज म्हणाला. साहेबांनी वर कळवलं, झालं. पूल झाला तर वळणरस्ता कशाला? पाइप उपसून दुसऱ्या साइटवर न्यायचा हुकूम सुटला. पुलाच्या साइटवर वेळेत झालेलं हे एकच काम.

दिव्यानी परतली, तर नाल्यात खांब आणि खांबांवर आभाळ. वरच्या रानात पाऊस झालेला, पाणी छातीला लागेल एवढं. साहेबांना खरं काऊन नाही सांगितलं, म्हणून ती धनराजवर उखडली.

“मॅडम, तुमी सांगतलं त तुमाले चंद्रपूर,” धनराज म्हणाला. “मी सांगतलं त मले घरचा रस्ता.”

तिनं गुणवंतरावांना फोन लावला. आवाज पहिल्या शब्दापासूनच तुटत होता.

पल्याड बुधरीबाई सुनेला घेऊन उभ्या होत्या. सून पोट धरून दगडावर टेकली होती.

“मॅडम, पूल कधी होते जी?” बुधरीबाईंनी तिथूनच ओरडून विचारलं.

‘नाही’ दिव्यानीच्या जिभेवर आलं होतं. तिनं सुनेकडे पाहिलं.

“होऊन राह्यला, बाई.”

बुधरीबाईंनी खांबांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“मंग या त्याच्यावरून. सुनेले धरून न्याले कोनीतरी पायजे.”