तायारम्माचा हात

मित्रांनो, या माझ्या मालकाला, पेंचलय्याला, लाज कशी ती नाही. इतकी वर्षं मला माळ्यावर फुटक्या पातेल्यांत कोंबून ठेवलं आणि आज हिरोच्या तारखा मिळाल्या म्हणताच खाली काढून हळदकुंकू लावतोय! माझ्या बिजागरीत कोळी संसार थाटून बसला होता, निदान त्याला तरी विचारायचं.

मी एक जुनी क्लॅपची पाटी आहे. अस्सल सागवानी. शॉट सुरू होताना समोर धरतात, वरची पट्टी ‘खट्’कन आपटतात, ती मी. जन्म मद्रासचा, हयात गेली हैदराबादेत. शाळेचं म्हणाल तर अंगावर खडूनं रोज लिहायचे आणि रोज पुसायचे, त्यातून काय डोंबल शिकणार? पण माणसं मला वाचता येतात.

पेंचलय्या पहिला चित्रपट काढायला निघाला, तेव्हा मुहूर्ताला एकही बडा पाहुणा फिरकला नाही. नारळ फुटला, कापूर विझत आला. शेवटी यानं बायकोलाच पुढे केलं. तायारम्मानं लोणच्याच्या तिखटानं लाल झालेल्या बोटांनी माझी पट्टी आपटली आणि चित्रपट धो धो चालला. झालं! आमच्यात एकदा चाललं की तोच शकुन. पुढे प्रत्येक मुहूर्ताला तिचाच हात. लोक म्हणत, “लक्ष्मीचा हात आहे हो!”

मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असे, म्हणून खरं काय ते मला ठाऊक. पेंचलय्या मुगाचा डोसा, आमचा पेसरट्टू, खाता खाता तिला चित्रपटाची गोष्ट वाचून दाखवी. ती तव्यावरची नजर न हलवता बोले.

“अहो, आईला अग्नी दिला की हिरो लगेच परदेशात नाचायला? अकराव्याचं जेवण तरी होऊ द्या!”

“तायारू, लोकांना गाणं लागतं.”

“लोकांना आयाही असतात.”

तो चिडे, फणफणे, पण गाणं पुढे ढकली.

मग नाव झालं. गोष्टी हॉटेलांत बनू लागल्या. दोन चित्रपट ओळीनं आपटले, तेव्हा कोणीतरी कानात सांगितलं, क्लॅपचा हात बदला, हा आता अवदसेचा झालाय. या शहाण्यानं बदलला! तायारम्मा रेशमी साडी नेसून दारात उभी होती. “आज तू राहू दे,” म्हणाला आणि गाडीत बसला. तिनं केसांतला गजरा काढून तुळशीवर ठेवला. त्यानंतरही चित्रपट पडतच गेले. मी माळ्यावर गेले.

आता तिचा उजवा हात अर्धांगानं गेलाय. जीभ तेवढी शाबूत आहे. पेंचलय्यानं मला तिच्या उशाशी आणलं आणि तो लुळा हात उचलून माझ्या पट्टीवर ठेवला.

“एकदाच, तायारू. उद्या मुहूर्त आहे.”

“अवदसेचा हात पुन्हा लक्ष्मीचा झाला वाटतं?”

त्यानं तिचा हात पट्टीवर आणखी नीट बसवला. तिनंच मग हळूच विचारलं, “गोष्ट काय आहे?” केवढ्या आशेनं विचारलं!

“गोष्ट काय, होईल गं. तारखा मिळाल्यात ना.”

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. हात माझ्यावरून घसरला.

मित्रांनो, आम्हा लाकडांना धूळ चालते. जितं माणूस मात्र अडगळीत टाकू नका. मला राहवलं नाही. मी बोललेच, “पेंचलय्या, हातात तिच्या काही नव्हतं रे. ती ऐकायची, म्हणून तुझं चालायचं. ऐकायला ती अजून आहे. वाचायला तुझ्यापाशीच काही उरलं नाही.”