फ्रिजची जांभई

थोरलीचा जीव जळायचा तो धाकटीच्या पदकांवर नाही हो, तिच्या जांभयांवर! शर्यतीआधी पोहणाऱ्यांना ज्या खोलीत बसवून ठेवतात, तिथे भल्याभल्यांचे चेहरे पांढरेफटक पडतात. कोणी मांड्यांवर थापट्या मारतं, कोणी पुसलेलाच गॉगल परत पुसतं. आणि ही बया भिंतीला टेकून, आ वासून जांभया देणार! डोकं सदा थंडगार, म्हणून तलावावर सगळ्यांनी तिचं नावच 'फ्रिज' पाडलं होतं. सर तर येता-जाता थोरलीला ऐकवायचे, "बघ, तुझीच बहीण आहे. शीक जरा."

शीक म्हणे! थोरली काय कमी शिकली होती? शर्यतीच्या आठवड्यात तिच्या घशाखाली घास उतरत नसे. श्वास लांबवायचा, सोडताना गुणगुणायचं, हे सगळं तिने स्वतः धडपडून जमवलं होतं. धाकटीला मात्र आयतं मिळालं, असं मनात आलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज संघात एकच जागा उरली होती. पहिली येईल तिची. थोरलीच्या वयाला पुन्हा संधी नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. दोघी शेजारी-शेजारी बसल्या. धाकटीने जांभई दिली. मग दुसरी. तिसरीला थोरलीचं डोकंच फिरलं.

"एवढी झोप येतेय तर घरी जाऊन पड ना!"

"झोप नाही गं, ताई," धाकटी पुटपुटली. "घाबरले की मला अशाच येतात. पाय बघ माझे."

टॉवेलखाली तिचे गुडघे लटलटत होते.

थोरलीला काय वाटलं? आनंद! खोटं कशाला बोला, उकळ्या फुटल्या तिला. आता नुसतं गप्प बसायचं होतं. पण धाकटीचा गार पडलेला हात तिच्या हाताला लागला, आणि मेलं ते थोरलेपण आडवं आलं.

"नाकाने घे. आता सोडताना गुणगुण. लांब. अजून लांब."

नावं पुकारेपर्यंत दोघी गुणगुणत राहिल्या. जांभया थांबल्या.

शर्यत संपताना धाकटीचा हात तलावाच्या भिंतीला आधी लागला. थोरलीचा अगदी पाठोपाठ.

बाहेर वार्ताहरांनी धाकटीला खुर्चीत बसवून घेरलं. "इतक्या शांत कशा राहता?"

"मला टेन्शनच येत नाही," ती म्हणून गेली.

केस पुसता पुसता थोरली थांबली. सांगून टाकावं सगळ्यांसमोर! तेवढ्यात थोरलीकडे पाहताना धाकटीला भली मोठी जांभई आली.

"बघा, खरंच फ्रिज!" सगळे खो खो हसले.

थोरली तेवढी हसली नाही.

"लहानपणापासून अशीच आहे ती," ती दात आवळून म्हणाली, आणि आपला ओला टॉवेल बहिणीच्या गुडघ्यांवर टाकून निघून गेली.