दगडाबाईंच्या हाती आलेला माईक

मित्रांनो, तुम्ही मला शंभरदा पाहिलं असेल, पण माझ्याकडे कधी लक्ष दिलं नसेल. तुमची नजर असते बोलणाऱ्या माणसावर, आणि मी असतो त्याच्या तोंडापुढे. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी बाजारात सोमनाथ मंडपवाल्याचं दुकान आहे, तिथला मी जुना माईक. वायरवाला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म दिल्लीतल्या एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. एका कारागिराने माझ्या पोटात तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी बसवली, डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि "हॅलो" म्हणून पाहिलं. माझ्या कानी पडलेला तो पहिला शब्द. पुढे सोमनाथच्या वडिलांनी मला विकत आणलं. जत्रेतून लेकराला खांद्यावर बसवून आणावं तसं त्यांनी मला मांडीवर घेऊन आणलं होतं, आणि मी अजून ते विसरलेलो नाही.

मग काय विचारता! लग्नाची मंगलाष्टकं झाली, सत्यनारायणाच्या कथा झाल्या, क्रिकेटचे सामने झाले. जत्रेत चुकलेली मुलं मी आईबापांना परत मिळवून दिली, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. "आवाज पाहिजे तर सोमनाथकडचाच," असं लोक म्हणायचे आणि मी स्टँडवर ताठ उभा राहायचो. त्रासही कमी नव्हता. जो येतो तो डोक्यावर टकटक करतो, फू फू करून फुंकर मारतो. एका पुढाऱ्याने भाषणाच्या भरात मला टेबलावर आपटलं, त्याचा पोचा जाळीवर अजून आहे. त्या दिवशी त्याचा मुद्दा काय होता, ते मात्र त्यालाही आठवत नसेल.

पुढे बिनवायरचे माईक आले आणि माझी रवानगी दुकानातल्या खिळ्यावर झाली. आमच्या आणि शेजारच्या दुकानाच्या मध्ये नुसता पत्रा आहे. त्या पत्र्यावर लटकून मी दिवस काढू लागलो, आणि तिथेच मला दगडाबाई नीट कळल्या.

शेजारचं दुकान त्यांच्या सुनेचं. दीपमाला जवानांच्या वर्द्या शिवते. या सासूसुना मूळच्या सोयगावकडच्या. दगडाबाईंचा एकुलता एक मुलगा सांडू फौजेत होता. सीमेवरच्या एका चौकीवर तोफगोळा पडला आणि तो गेला. तेव्हा त्याचा मुलगा सुदर्शन अजून शाळेतही जात नव्हता. दीपमाला सासूला आणि लेकाला घेऊन शहरात आली आणि शिलाईवर तिने घर उभं केलं. सुदर्शन मोठा झाला आणि बापासारखाच फौजेत गेला. दगडाबाई दुकानाच्या पायरीवर बसून वर्द्यांना बटणं लावतात. प्रत्येक बटणाला दोनदा गाठ मारतात. "तिकडं तुटलं तर कोन लावून देनार लेकराला?" असं आपल्याशीच म्हणतात.

दर वर्षी सांडूचा स्मृतिदिन होतो, त्याला सोमनाथ मलाही सोबत नेतो. त्या दिवसाची एक ठरलेली रीत आहे. वीरमातेला व्यासपीठावर बसवायचं, शाल पांघरायची, नारळ द्यायचा. मग निवेदक विचारतो, "आईसाहेब, दोन शब्द?" आई हात जोडते आणि निवेदक लगेच म्हणतो, "आईचे डोळेच सारं सांगून गेले!" टाळ्या पडतात. विचारायचं, पण उत्तराला थांबायचं नाही, अशी ती रीत. दगडाबाईंकडे शालींची चवड झाली, पण माझं तोंड काही त्यांच्याकडे कोणी वळवलं नाही. त्यानंतर सुभेदार राजेंद्र बोलायचे. ते आता निवृत्त आहेत. सांडू गेला तेव्हा ते त्याच्याच चौकीवर होते, आणि त्याची शवपेटी घरी घेऊन आले तेही तेच. ते दर वर्षी खड्या आवाजात सांगायचे, "आमचा सांडू हसत हसत गेला!" मैदान दणाणून जायचं.

मित्रांनो, माईकला माणसाचा श्वास सगळ्यात आधी ऐकू येतो. त्या एका वाक्याआधी सुभेदारांचा श्वास दर वर्षी अडखळायचा. आणि दुकानात परतल्यावर दगडाबाई पत्र्यापलीकडे सुनेला विचारायच्या, "दीपे, माझा सांडू तर लहानपणापासून अबोल. हसत कसा गेला असंल गं? आमाला सोडून जाताना त्याला हसू कामून आलं?" दीपमाला मशीन जोरात चालवायची.

यंदाच्या उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा तणाव वाढला, तोफा धडधडू लागल्या. बाजारातल्या प्रत्येक टीव्हीवर जो तो ओरडत होता. चहाच्या टपरीवर माणसं कपबशी हातात घेऊन शत्रूची शहरं जिंकत होती, आणि बशीतला चहा संपेपर्यंत युद्धही संपवत होती. त्याच दिवसांत बर्फाळ सीमेवर असलेल्या सुदर्शनचा फोन यायचा बंद झाला. दगडाबाईंच्या हातून सुई दोनदा बोटात शिरली. असं माझ्या आठवणीत कधी घडलं नव्हतं.

तशात हिमांशूने सभा ठरवली. हिमांशू कॉलेजात शिकवतो, निवेदन करतो. माणूस वाईट नाही, आवाजही छान आहे. फक्त आपल्याच आवाजावर त्याचा जीव जडला आहे. छावणीतले माजी सैनिक आणि जवानांच्या घरचे लोक एकत्र जमवायचे आणि "आता चर्चा नको, युद्ध हवं" अशी मागणी करायची, असा बेत होता. सोमनाथने बिनवायरचे माईक काढले आणि जाता जाता मलाही गाडीत टाकलं. असू दे जोडीला, म्हणून.

निघताना दीपमाला सासूला म्हणाली, "आत्याबाई, तिथं काय बी बोलू नका हं. लोक देशद्रोही म्हनायला मागंपुढं पाहत नाय. पोराला तिकडं तरास व्हईल."

"मी कुठं बोलते माय," दगडाबाई म्हणाल्या. "मला कोन बोलू देतंय?"

संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या रांगेत माजी सैनिक छातीवर पदकं लावून बसले होते. घोषणा झाल्या, भाषणं झाली. दगडाबाईंना शाल पांघरली, नारळ दिला. मी व्यासपीठाच्या कडेला सोमनाथच्या आवाजाच्या मशीनशेजारी पडून सगळं ऐकत होतो. हिमांशूने रीतीप्रमाणे विचारलं, "आईसाहेब, दोन शब्द?" आणि डोळ्यांचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"बोलते की," दगडाबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

हिमांशूचं तोंड उघडंच राहिलं. हातातला माईक त्याने नकळत पाठीमागे नेला, जणू कोणी तो हिसकावून घेणार होतं. तेव्हा सोमनाथ उठला. त्याने मला उचललं, वायर मशीनला जोडली आणि दगडाबाईंच्या हातात दिलं. "घे मावशी. बोल बिनधास्त."

त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी मनात म्हटलं, बाबा रे, आज खरखर करू नकोस. आयुष्यात एवढं एक काम नीट कर.

"मला भाषण येत नाय," त्या म्हणाल्या. "तुमी सगळे म्हनता, लढाई पायजे. कोन लढनार? टीव्हीवाला जानार हाय का? माझा सुदर्शन जानार. त्याच्यासारखी गरिबाघरची लेकरं जानार. माझा सांडू पेटीत आला, तर ती पेटी मला उघडू देली नाय. माझ्या लेकाचं तोंड मी पाह्यलं नाय. माझा देशावर जीव नाय, आसं कोनी म्हनू नका. एक लेक देलाय, नातू देलाय. म्हनूनच इचारते, बोलून मिटत आसंल तर लेकरं कामून मारता?"

हिमांशू सोमनाथला हाताने खूण करत होता, बंद कर, बंद कर. सोमनाथ खाली वाकला आणि अजिबात न गुंतलेली एक वायर सोडवत बसला. त्याला ठाऊक होतं, गणपतीच्या मंडपांची सगळी कामं सभा भरवणाऱ्या याच मंडळींच्या हातात आहेत. तरी त्याने मान वर केली नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "ही म्हातारी कोणाच्या बाजूने बोलतेय?"

दगडाबाईंनी तिकडे तोंड वळवलं. "बाजू? बाबा, माझी बाजू तिकडं बर्फात उभी हाय."

दीपमालाने पदर तोंडावर धरला होता. आता घोषणा सुरू होतील, आता खुर्च्या फेकतील, असं मला वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सुभेदार राजेंद्र उठले आणि वर आले. दगडाबाई बाजूला सरकू लागल्या, तर सुभेदारांनी त्यांचा हात धरून थांबवलं आणि त्यांच्याच हातातल्या माझ्यापुढे तोंड आणलं. त्यांचा श्वास अडखळला. मला वाटलं, आलं ते जुनंच वाक्य.

"माय, मी दर वर्षी खोटं बोललो," ते म्हणाले. "सांडू हसत गेला नाय. हसत कोनी जात नाय. मी त्याचा हात धरून बसलो व्हतो. तो तुलाच हाका मारत व्हता. 'माय, माय' म्हनत गेला. पेटी उघडू नका, हे बी मीच म्हनलो. तुला बघवलं नसतं. आन हसत गेला म्हनलं तर तुला बरं वाटंल, आसं वाटलं मला." मग ते लोकांकडे वळले. "मी फौजी हाय. उद्या कोनी घरात घुसला तर या वयात बी उभा राहीन. पन ज्यानं लढाई पाह्यली, तो ती मागायला जात नाय. ही माय बोलली ते देशाच्या भल्याचं बोलली. तिला कोनी देशद्रोही म्हनायचं आसंल तर आधी मला म्हना."

मला भीती वाटली, आता ही माउली कोसळणार. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला. मित्रांनो, इतकी वर्षं मी माणसांचे श्वास ऐकतो आहे. इतका मोकळा श्वास मी कधी ऐकला नव्हता.

"मला हाका मारत व्हता व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग बरं झालं बापा. मला वाटायचं, हसत गेला म्हंजी माझी आठवन बी नाय आली का काय त्याला. लई वझं व्हतं रे राजेंद्रा. उतरलं."

आणि त्या तिथेच उभ्या उभ्या रडल्या. सुभेदारही रडले. मलाही भरून आलं, पण मी रडलो असतो तर नुसती शिट्टी वाजली असती, म्हणून गप्प राहिलो.

पुढच्या रांगेतले माजी सैनिक एकेक करून उभे राहिले आणि त्यांनी दगडाबाईंना कडक सॅल्यूट केला. मग मालनबाई नावाची एक तरुण बाई खालून म्हणाली, "माझे मालक बी तिकडं हायेत. मला बी बोलू द्या." तिच्यामागे आणखी दोघीतिघी आल्या. सगळ्यांनाच त्यांचं पटलं असं नाही. काहीजण पुटपुटत निघून गेले. पण ओरडलं कोणी नाही. हिमांशू बराच वेळ एका कोपऱ्यात उभा होता. शेवटी तो पुढे आला आणि त्याने मला एका स्टँडवर बसवून तो त्या बायकांच्या उंचीला खाली करून दिला. युद्धाची मागणी त्या दिवशी करायची राहूनच गेली.

पुढे काही दिवसांनी दोन्हीकडच्या तोफा थांबल्या. ते आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. माझा आवाज पोचून पोचून छावणीच्या नाक्यापर्यंत. पण ती बातमी आली तेव्हा दीपमालाने मशीन थांबवून पेढे वाटले आणि एक पेढा आमच्या सोमनाथला दिला. गणपतीची कामंही त्यालाच मिळाली.

सुदर्शनचा फोन आला तेव्हा मी पत्र्यावर कान लावूनच होतो. फोन स्पीकरवर ठेवून दगडाबाई घाबरत घाबरत बोलत होत्या.

"आजी, तू भाषण केलंस म्हणं?"

"भाषन नाय रे. बोलले जरा. तुला तिकडं कोनी काय म्हनलं का?"

"माझ्या सोबतच्यांनी मोबाईलवर पाह्यलं. पुन्हा पुन्हा लावून पाह्यलं. आजी, आमाला इथून बोलता येत नाय. तू बोलत जा."

त्यावर पत्र्यापलीकडून हसण्याचा आवाज आला. दगडाबाईंना हसताना मी प्रथमच ऐकलं.

आता सोमनाथने मला खिळ्यावरून काढून मऊ फडक्यात ठेवलं आहे, वायरही नवी घातली आहे. मित्रांनो, म्हातारपणी एवढंच मागतो. माझ्या डोक्यावर टकटक करू नका आणि वायर ओढू नका. आणि कधी युद्धाची घोषणा द्यायची हुक्की आली, तर आधी मला उचला आणि ज्या घरातलं कोणी सीमेवर उभं आहे, त्या घरी घेऊन जा. तिथल्या माणसांना विचारा, आणि या वेळी उत्तराला थांबा. त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्या. त्यानंतरही घोषणा द्यावीशी वाटली, तर द्या. मी कोणालाही अडवत नाही. आधी त्यांना बोलू द्या, एवढंच म्हणतो.