काठावरचं कुंकू

"काय किंचाळतेस गं! शेजारीपाजारी म्हणतील, मधू बायकोला सोडून गाडीला छळतोय."

हे अगदी माझ्या कानाशी, म्हणजे माझ्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून म्हटलं गेलं. म्हणणारा मधू. किंचाळणारी मी.

मित्रांनो, मी एक जुनी स्नोमोबाईल आहे. मला चाकं नाहीत. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद ट्रॅक आणि पोटात इंजिन. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. तिथला बर्फ पिठीसाखरेसारखा कोरडा, आणि मला त्याच्याच मापाने घडवलं होतं. मग जहाजातून ऑस्ट्रेलियात आले, व्हिक्टोरियाच्या डोंगरातल्या एका स्कीच्या गावी. इथला बर्फ बघून मी हबकलेच. ओला, जड, भिजवलेल्या पोह्यांसारखा! दर वळणावर रुतायची. लोक मला 'डबा' म्हणायचे. शेवटी एका शेडच्या मागे टाकून दिलं. सीट उंदरांनी खाल्ली.

तिथून मला मधूने उचललं. मधू पुण्याचा इंजिनीअर. मेलबर्नमधल्या क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकला आणि इथे, स्की करणाऱ्यांना तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांच्या देखभालीच्या नोकरीवर आला. त्याची बायको लीना गावातल्या छोट्या दवाखान्यात नर्स. मधूने माझं पोट उघडलं आणि लीनाला दाखवलं, "हा बघ क्लच. या दोन तबकड्या. वेग वाढला की आतली वजनं त्यांना जवळ दाबतात आणि मधला बेल्ट काठाकडे चढतो. स्प्रिंग त्याला मागे धरते. वजन आणि स्प्रिंगचं जमलं, की ट्रॅकला वेग. वेग असला, की ही बर्फावर तरंगणार."

"आणि नाही जमलं तर?"

"मग खड्डा खणत बसणार."

त्याने वजनं बदलली, स्प्रिंग बदलली, ट्रॅक ना फार आवळला ना फार सैल ठेवला. त्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून ते ऑगस्टात, महामारी आली. पाहुणे बंद, हॉटेलं बंद. उतार दाबून सपाट करणारी मोठी यंत्रंही उभीच. सगळीकडे खोल, कोवळा बर्फ. पण मी लीनाला घेऊन घरोघर फिरले. ज्यांनी डबा म्हटलं होतं, ते खिडकीतून हात हलवू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

बर्फ वितळला आणि दसरा आला. मधूने माझी पूजा मांडली. फोनच्या पडद्यावर पुण्याहून त्याची आई.

"अरे, हिला चाकंच नाहीत! लिंबू कशाखाली ठेवणार?"

"ट्रॅकखाली ठेवतो, आई."

"ठेव. आणि कुंकू वरवर लावू नकोस. हिचं काळीज कुठंय? तिथे लाव."

मधूने तुपात कालवलेलं कुंकू घेतलं आणि क्लचच्या चकचकीत तबकडीवर, काठाजवळ, बोटाने टिळा लावला.

"अरे, तूप आहे त्यात," लीना कुजबुजली. "बेल्ट घसरेल की."

"सीझनच्या आधी पुसतो गं. आत्ता आईला बघू दे."

डोंगरावरच्या लाकडी लॉजमध्ये एकट्या राहणाऱ्या ग्वेन आजीही त्या दिवशी खाली आल्या होत्या. मधूच्या आईने त्यांना फोनवरूनच ठणकावलं, "शिरा खाल्ल्याशिवाय जायचं नाही!" आजींना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या.

पुढच्या मे महिन्यात पुण्याहून फोन आला. विमानं बंद होती. मधूची बहीण वीणा हिने सगळं एकटीने केलं. मधूने ते फोनवर पाहिलं, माझ्या शेडमध्ये, माझ्या सीटवर बसून. त्या घरात पुढे सगळे 'पुण्याचं झाल्यापासून' एवढंच म्हणायचे. खरा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. मीही अजून काढत नाही.

जूनमध्ये मधूने माझं बॉनेट उघडलं. टिळा तसाच होता. फडकं हातात घेऊन तो उभा राहिला, मग फडकं खिशात घातलं. आणि मित्रांनो, त्याने मला नव्याने ट्यून केलं. वजनं हलकी घातली आणि स्प्रिंग इतकी ताठ, की बेल्ट त्या टिळ्यापर्यंत चढूच नये! इंजिन पूर्ण जोराने फिरायचं, ट्रॅक मात्र रेंगाळायचा. मी किंचाळत नाही तर काय करणार? मला सगळं कळत होतं, पण यंत्राला सांगता येत नाही, फक्त आवाज करता येतो.

ऑगस्टमध्ये मेलबर्न पुन्हा लॉकडाऊनमध्ये गेलं आणि वर डोंगरात बर्फ कोसळला. ग्वेन आजींच्या पायाला जखम झाली होती. लीना फोनवरून त्यांना ड्रेसिंग समजावायची. "नो वरीज, लव्ह," आजी म्हणायच्या. त्या सकाळी फोन ठेवून लीना शेडमध्ये आली.

"मधू, मला त्या मार्गारेट म्हणत होत्या. त्यांच्या बहिणीचं नाव. ताप डोक्यात चढलाय."

"हेलिकॉप्टर?"

"एवढ्या ढगात येत नाही म्हणाले. औषध आपल्यालाच न्यावं लागेल."

आम्ही निघालो. पहिल्याच चढावर मी रुतले. दोघांनी फावड्याने खणून मला काढलं. पुन्हा चढ, पुन्हा खड्डा. हार मानून आम्ही शेडमध्ये परतलो.

"बर्फच जड आहे," मधू म्हणाला.

"ट्रॅक सैल असेल," लीना म्हणाली.

दोघंही खोटं बोलत होते, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. मधूने ट्रॅकला पाना लावला. लीनाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"मधू. बेल्टला काठापर्यंत जाऊ दे."

"तिने लावायला सांगितलेलं आहे ते."

"त्यांना आत्ता फोन लागला असता ना, तर म्हणाल्या असत्या, म्हातारी वर तापाने फणफणलीय आणि तू कुंकू जपत बसलायस?"

मधू हसला. कसंनुसं. मग त्याने फडक्यावर स्पिरिट ओतलं. पुसताना त्याचा हात इतका हलका होता, जणू माझ्या कपाळाचा घाम टिपतोय. जुनी वजनं आणि जुनी स्प्रिंग परत बसली.

आणि मी तरंगले. त्याच चढावर, त्याच पोह्यांवर! किंचाळले नाही. स्नो गमची, म्हणजे इथल्या डोंगरी निलगिरीची, वाकलेली झाडं भराभर मागे पडली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळच्या वेळी पुसा, उंदरांपासून सांभाळा. पण आमच्यात कुणाला कोंडून ठेवू नका. ते ओझं आम्हाला ओढवत नाही, आणि तुम्हालाही नाही.

लॉजच्या दारापाशी मला उभी केली. लीनाने मास्क चढवला आणि आत धावली. इंजेक्शन दिलं, जखम धुतली. बऱ्याच वेळाने उघड्या दारातून ग्वेन आजींचा आवाज आला, बारीक, पण ओळखीचा.

"लीना, लव्ह, तूच ना? आणि तो मधू. मधू, तुझी मम कशी आहे? तो गोड पदार्थ खायला लावणारी?"

लीना घाईने म्हणाली, "ग्वेन, आधी पाणी प्या बरं." तो विषय निघाला की ती नेहमी असंच करायची.

मधू उंबऱ्यात उभा होता. एक हात अजून माझ्या गरम बॉनेटवर.

"शी डाइड, ग्वेन. इन मे," तो म्हणाला. मग लीनाकडे वळला, आणि त्याचा आवाज फुटला.

"आई गेली गं, लीना."